पहिले सहा आठवडे : दूध, लंगोट आणि वाटून घेतलेली रात्र

घरी आल्यानंतरच्या रात्रींपैकी सगळ्यात जड जाते ती बहुतेकदा बाळाच्या आयुष्यातली दुसरी किंवा तिसरी रात्र. पहिला दिवस जन्माच्या शिणाने बाळ झोपून काढतं आणि आईबाबांना वाटतं, आपलं बाळ शांत आहे. मग एका रात्री ते जागं होतं आणि छातीवरून हलायलाच तयार नसतं. पाजलं, डोळा लागला, खाली ठेवलं की रड. उचललं, पुन्हा पाजलं, पुन्हा तेच. पहाटेपर्यंत घरात कुणी ना कुणी म्हणतंच, "दूध पुरत नाहीये बहुतेक." आमच्याकडेही ते म्हटलं गेलं. या एका वाक्यापायी गरज नसताना बाटली घरात येते, म्हणून सुरुवात इथूनच करतो.

त्या रात्री बाळ करतं ते बरोबरच असतं. पहिले दोन-तीन दिवस चीक येतो : दाट, पिवळसर आणि मोजकाच, एका वेळेला चमचाभर. बाळाच्या पोटालाही तेवढाच पुरतो. वारंवार ओढण्यातूनच दूध वाढवायचा निरोप शरीराला मिळतो आणि तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या दरम्यान दूध भरून येतं. सिझेरियननंतर एखादा दिवस जास्त लागू शकतो. चोवीस तासांत ८ ते १२ वेळा पाजणं हा नेहमीचा आकडा, पण त्या वेळा सारख्या अंतराने येत नाहीत. संध्याकाळी तासातासाला आणि मग मध्ये तीन तास काहीच नाही, असंही होतं.

भूक ओळखायची ती रडण्याच्या आधी. झोपेतून जागं होताना बाळ तोंड उघडून मान इकडेतिकडे वळवतं, मूठ तोंडाकडे नेतं, ओठ चुटपुटवतं. रडणं हे भुकेचं शेवटचं लक्षण. रडून ताठ झालेल्या बाळाची जीभ वर टाळ्याला लागलेली असते, त्याला छाती धरताच येत नाही. आधी उभं धरून शांत करायचं, मग पाजायचं.

छाती कशी धरली जाते, यावर पुढचे आठवडे कसे जातील ते ठरतं, म्हणून हे जरा जवळून सांगतो. बाळ पूर्ण कुशीवर हवं, पोटाला पोट लागलेलं, कान, खांदा आणि कंबर एका रेषेत. मान वळवून प्यावं लागलं तर त्याला नीट गिळता येत नाही. स्वतःची मान खांद्याकडे वळवून पाणी पिऊन बघा, लगेच कळेल. स्तनाग्रासमोर बाळाचं नाक आणायचं. स्तनाग्र वरच्या ओठाला लागलं की बाळ मान थोडी मागे टाकतं आणि जांभई दिल्यासारखं तोंड उघडतं. त्याच क्षणी पाठीवरच्या हाताने त्याला जवळ घ्यायचं. डोक्यामागून ढकललं तर ते उलट मागे रेटतं. नीट धरलं गेलं की हनुवटी छातीत रुतते, खालचा ओठ बाहेर वळतो, भोवतीचा काळसर भाग वरच्या ओठाच्या बाजूला जास्त दिसतो आणि खाली कमी. आधी भराभर ओढणं, मग संथ खोल ओढ आणि मधूनमधून गिळल्याचा आवाज, असा ताल लागतो.

पहिली काही सेकंदं ताण जाणवतो. त्यानंतरही दुखत राहिलं, किंवा पिऊन झाल्यावर स्तनाग्र एका बाजूने चपटं होऊन बाहेर आलं, तर फक्त टोकच तोंडात होतं असं समजायचं. दात-ओठ खाऊन सहन करू नये. धुतलेली करंगळी ओठांच्या कोपऱ्यातून हिरड्यांच्या मध्ये सरकवली की पकड सुटते, मग पुन्हा पहिल्यापासून. तसंच ओढून सोडवलं तर चिरा पडतात. चिरा पडल्या की पाजायची धास्ती, पाजणं लांबलं की छाती तुंबणं, तुंबली की गाठ आणि ताप, अशी एकातून एक दुखणी उभी राहतात.

दूध भरून येतं त्या दिवशी छाती दगडासारखी घट्ट होऊ शकते आणि ताणलेला काळसर भाग बाळाच्या तोंडात मावत नाही. पाजण्याआधी हाताने थोडं दूध काढून तेवढाच भाग मऊ करायचा. पंप लावून छाती पूर्ण रिकामी केली तर शरीर आणखी दूध बनवतं आणि दुसऱ्या दिवशी त्रास वाढतो. पाजून झाल्यावर गार कापडाने सूज आणि ठणका कमी होतो. एखादा भाग लाल, गरम, दुखरा झाला आणि अंगात कणकण आली तर डॉक्टरांना दाखवायचं. त्या बाजूने पाजणं मात्र थांबवायचं नाही.

आता तो मूळ प्रश्न, दूध पुरतंय का. किती मिनिटं प्यायलं यावरून ते कळत नाही, कारण काही बाळं दहा मिनिटांत पोट भरतात, काही चाळीस मिनिटं लावतात. पंपाने किती निघालं यावरूनही कळत नाही, कारण पंप बाळासारखा ओढू शकत नाही. ते कळतं लंगोटात. आम्ही उशाशी एक वही ठेवली होती, चार रकान्यांची : वेळ, कोणत्या बाजूने पाजलं, सू, शी. पहिल्या दिवशी निदान १ ओला लंगोट, दुसऱ्या दिवशी २, तिसऱ्या दिवशी ३ आणि पाचव्या-सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत ६ किंवा जास्त. शी सुरुवातीला डांबरासारखी काळी चिकट, तिसऱ्या-चौथ्या दिवशी हिरवट आणि पाचव्या दिवसाच्या आसपास पिवळी, पातळ, मोहरीचे दाणे मिसळल्यासारखी. अंगावर पिणाऱ्या बाळाला तेव्हापासून दिवसाला तीन-चार वेळा शी होणं हे उत्तम लक्षण. पाचव्या दिवशीही ती काळीच असेल तर पोटात पुरेसं काही जात नाही.

सुरुवातीच्या एक-दोन दिवसांत लंगोटावर विटकरी रंगाचा डाग दिसला तर तो रक्ताचा असेलच असं नाही. दाट लघवीतले स्फटिक असा डाग पाडतात. चौथ्या दिवसानंतरही डाग पडत राहिला तर दूध कमी जातंय. डायपर सगळं शोषून घेतो, त्यामुळे ओला झाला की नाही हे नवख्या हाताला कळत नाही. एका कोऱ्या डायपरमध्ये तीन मोठे चमचे, म्हणजे साधारण ४५ मिलिलिटर पाणी ओतून तो हातात धरून बघायचा. तेवढा जड लागला की तो एक ओला धरायचा.

वजन हा दुसरा पुरावा. पहिल्या दिवसांत ते उतरतंच. ३ किलोचं बाळ ७ टक्क्यांनी, म्हणजे २१० ग्रॅमने उतरलं तर घाबरण्यासारखं नाही. १० टक्क्यांच्या जवळ गेलं तर पाजणं कुणा जाणकाराकडून तपासून घ्यायचं. १० ते १४ दिवसांत जन्माचं वजन परत येतं आणि मग दिवसाला २० ते ३० ग्रॅमने वाढतं. वजन त्याच काट्यावर आणि उघड्या अंगाने करायचं, नाहीतर कपड्यांचाच फरक पडतो. जन्माचं वजन परत येईपर्यंत तीन-साडेतीन तासांच्या वर झोपू द्यायचं नाही. गाढ झोपलेल्याला उठवायला कपडे सैल करून लंगोट बदलावा, तळपाय चोळावेत. एका बाजूने पिताना पेंगलं तर मध्येच लंगोट बदलून दुसरी बाजू द्यावी.

बाटलीचं दूध लागलं तर त्यात कमीपणा अजिबात नाही, पण त्यात माप चुकवून चालत नाही. पावडर निर्जंतुक नसते, म्हणून उकळलेलं पाणी अर्ध्या तासाच्या आत, निदान ७० अंश सेल्सियस असतानाच वापरायचं. आधी बाटलीत पाणी मोजून, मग डब्यातल्याच चमच्याने सपाट भरलेली पावडर. त्यानंतर बंद बाटली गार पाण्याच्या धारेखाली धरून कोमट करायची. मापापेक्षा जास्त पावडरीने पोट घट्ट होतं. पुरवठ्याला यावी म्हणून पाणी वाढवलं तर रक्तातलं मीठ उतरून झटके येऊ शकतात. बनवलेलं दूध दोन तासांच्या आत संपवायचं आणि बाळाचं उष्टं उरलेलं ओतून द्यायचं. काढलेलं आईचं दूध २५ अंशांपर्यंतच्या खोलीत ४ तास, फ्रिजच्या आतल्या बाजूला ४ दिवस टिकतं. मायक्रोवेव्हमध्ये ते कुठे गार, कुठे चटका बसेल इतकं तापतं, म्हणून गरम पाण्याच्या भांड्यात बाटली धरायची. सहा महिन्यांपर्यंत वरचं पाणी नाही आणि वर्षाच्या आत मध तर बोटभरसुद्धा नाही, त्यात बॉट्युलिझमचा, म्हणजे स्नायू लुळे पाडणाऱ्या जिवाणूंच्या विषबाधेचा धोका असतो. ड जीवनसत्त्वाचे थेंब रोज ४०० आययू (जीवनसत्त्व मोजायचं एकक) द्यायला सांगतात. बाटली बदलली की एका थेंबात किती, एका मिलिलिटरमध्ये किती, हे पुन्हा वाचायचं, कारण प्रत्येक औषधाची तीव्रता वेगळी असते.

यानंतरचा मोठा विषय रात्रीचा. नवजात बाळ दिवसाचे १४ ते १७ तास झोपतं आणि तरी घरातले सगळे झोपेवाचून मोडून जातात, कारण ती झोप दोन-तीन तासांच्या तुकड्यांत येते. मोठ्या माणसाला सलग चार-पाच तास मिळाले तर उरलेली तुकड्यातुकड्यांची झोप चालवून घेता येते. म्हणून रात्र वाटून घ्यायची : नऊ ते दोन एकाची, दोन ते सात दुसऱ्याची. "तू जागी आहेस तर मीही जागतो" यात प्रेम खूप आहे, पण चौथ्या दिवशी दोघंही सारखेच कोलमडतात. ज्याची पाळी नाही त्याने शक्य असेल तर दुसऱ्या खोलीत दार लोटून झोपावं.

अंगावर पाजणाऱ्या आईला पाळी कशी सोडता येईल, असं वाटेल. ती पूर्ण सुटत नाही, पण तिचं जागरण अर्ध्यावर येतं. लंगोट बदलून बाळ तिच्या कुशीत आणून द्यायचं. पिऊन झालं की उचलून ढेकर काढणं, पुन्हा निजवणं हे दुसऱ्याचं काम. एका वेळेला तास लागत होता तिथे तिला पंचवीस मिनिटं लागतात. तीन-चार आठवड्यांनी दूध स्थिरावल्यावर काढून ठेवलेल्या दुधाची एक वेळ दुसऱ्याने दिली की तिलाही सलग झोप मिळते. पाळी बदलताना शेवटचं कधी आणि कोणत्या बाजूने पाजलं, एवढं वहीत लिहिलेलं असावं. रात्री दोनला कुणाच्याच लक्षात राहत नाही.

रात्री उचलण्याची घाई करू नये, हे आम्हाला फार उशिरा समजलं. नवजात बाळाची जवळपास निम्मी झोप सावध असते : हातपाय हलतात, तोंड वेडंवाकडं होतं, कण्हल्यासारखा आवाज येतो, एखादी रडही निघते, आणि डोळे मिटलेलेच असतात. मिनिटभर थांबायचं. बऱ्याचदा ते तसंच पुढच्या झोपेत जातं, आणि घाईने उचललं तर आपणच जागं केलेलं असतं. खाली ठेवण्याचीही एक रीत आहे. हात सैल लोंबायला लागेपर्यंत थांबायचं, मग आधी पाय गादीला टेकवायचे, मग ढुंगण, मग पाठ आणि शेवटी डोकं. डोकं आधी खाली गेलं की पडल्यासारखं वाटून दोन्ही हात फेकले जातात आणि ते दचकून उठतं. टेकवल्यावरही तळहात मिनिटभर छातीवर राहू द्यावा आणि मग सावकाश काढावा.

झोपवायचं उताणंच, दर वेळी, दुपारच्या डुलकीलासुद्धा. घट्ट सपाट गादी, ताणून बसवलेली चादर, आणि त्यावर बाळ सोडून काहीही नाही : उशी, लोड, सैल पांघरूण, मऊ खेळणी सगळं बाहेर. खोली आपलीच, अंथरूण वेगळं. सगळ्यात धोक्याची जागा म्हणजे सोफा किंवा आरामखुर्ची. पाजताना डोळा लागेल असं वाटत असेल तर तिथे बसूच नये; उशा-पांघरुणं काढलेला पलंग त्यापेक्षा कमी धोक्याचा, आणि जाग येताच बाळाला त्याच्या जागी ठेवायचं. गुंडाळायचं असेल तर हात आत, पण कंबरेखाली पाय बेडकासारखे दुमडता येतील इतकं सैल. कुशीवर वळायचा प्रयत्न दिसला की गुंडाळणं बंद. हातपाय गार लागणं नेहमीचं आहे. गरम-गार बघायचं ते मानेमागे. मान घामेजली असेल तर एक थर कमी करायचा.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून संध्याकाळचं रडणं वाढतं आणि सहाव्या आठवड्याच्या सुमारास कळस गाठतं. तीन-चार महिन्यांत ओसरतं. हे आधीच माहीत असलं की पाचव्या आठवड्यात "आपलं काहीतरी चुकतंय" असं वाटत नाही. भूक, लंगोट, ढेकर, जास्त कपडे, बोटाला गुंडाळलेला केस किंवा धागा, एवढं तपासून झालं की उघड्या छातीवर त्वचेला त्वचा लावून धरणं, मंद प्रकाश, एकसुरी आवाज, चालणं. प्रत्येक उपायाला पाच मिनिटं द्यायची. भराभर बदलले की बाळ आणखी बिथरतं. आणि आपला संयम सुटतोय असं वाटलं तर बाळाला उताणं त्याच्या जागी ठेवायचं, दार ओढायचं आणि दहा मिनिटं बाहेर जायचं. रडल्याने बाळाला इजा होत नाही. जोरात हलवल्याने मेंदूत रक्तस्राव होतो. घरात बाळ सांभाळणाऱ्या प्रत्येकाला हे स्पष्ट शब्दांत सांगायला हवं.

नाळेचं काम सोपं आहे. कोरडी ठेवायची, लंगोट तिच्याखाली दुमडायचा, काही लावायचं नाही, ओढायचं नाही. एक ते तीन आठवड्यांत गळते. गळताना थेंबभर रक्त चालतं; भोवती लाली पसरली, पू किंवा घाण वास आला तर डॉक्टर. तोपर्यंत ओल्या कापडाने पुसणं पुरतं, त्यानंतर ३७ अंशांच्या आसपासच्या पाण्यात पाच मिनिटांची आंघोळ. मुलीला पहिल्या आठवड्यात लंगोटात रक्ताचा ठिपका दिसणं, मुलगा असो की मुलगी, छाती थोडी सुजलेली असणं, कातडी सोलवटणं, उचक्या, शिंका, हे सगळं आपोआप जातं. सुजलेली छाती दाबू मात्र नये.

कावीळ बघायची ती दिवसाच्या उजेडात : कपाळावर किंवा छातीवर बोट दाबून सोडायचं आणि उमटलेल्या जागेचा रंग बघायचा. गडद त्वचेत ती डोळ्यांच्या पांढऱ्या भागात आणि हिरड्यांवर लवकर दिसते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुरू होऊन ती नंतर उतरते. पहिल्या चोवीस तासांतच पिवळेपणा दिसला, तळहात-तळपायांपर्यंत पोचला, किंवा बाळ पेंगून दूध घेईना, तर त्याच दिवशी तपासणी. उन्हात धरून वाट बघणं हा उपाय नव्हे. शी पांढुरकी आणि लघवी गडद पिवळी असेल तर यकृताची तपासणी तातडीने लागते.

पहिल्या तीन महिन्यांत ३८ अंश किंवा त्यावर ताप म्हणजे मध्यरात्रीसुद्धा दवाखाना. घरच्या घरी औषध देऊन उतरतो का बघायचं नाही. अंग ३६ च्या खाली गार पडणं, मिनिटाला ६० पेक्षा जास्त श्वास, बरगड्यांखाली खड्डा पडणं, ओठ निळे, हिरवी उलटी, टाळू खोल जाणं किंवा बाळ शांत असतानाही फुगणं, हीसुद्धा तशीच. श्वास पूर्ण मिनिट मोजायचे, कारण नवजात बाळ मध्येच पाच-दहा सेकंद थांबून मग भराभर श्वास घेतं. पंधरा सेकंदांना चारने गुणलं तर आकडा फसवतो.

सगळी नजर बाळाकडे लागलेली असते आणि आईकडे बघायचं राहून जातं, याची आम्हाला खंत आहे. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव चार ते सहा आठवडे कमी कमी होत जातो. तासाभरात एक पॅड भिजून जाणं, अंड्याएवढी गाठ पडणं, ताप, एकाच पोटरीत सूज आणि दुखणं, डोळ्यांपुढे अंधारीसह डोकेदुखी, यांपैकी काहीही झालं तर त्याच वेळी दवाखाना गाठायचा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी विनाकारण रडू येणं बहुतेक आयांना होतं आणि दोन आठवड्यांत निवळतं. त्यापुढेही उदासी राहिली, बाळ झोपलेलं असताना झोप येईना, बाळाबद्दल काहीच वाटेना, किंवा स्वतःला वा बाळाला इजा करण्याचे विचार आले, तर तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. असे विचार आले तर त्याच दिवशी मदत घ्यायची आणि तोवर तिला एकटं ठेवायचं नाही. एडिनबरोची दहा प्रश्नांची प्रश्नावली १९८७ पासून यासाठी वापरात आहे. ती मागून घ्यावी. बाबांनाही हा आजार होतो, आणि त्यांना कुणी विचारत नाही.

भेटायला येणाऱ्यांना दोनच नियम : हात धुणं आणि बाळाची पापी न घेणं. सर्दी-खोकला किंवा ओठावर तापाचा फोड असलेल्याने येणं पुढे ढकलावं. तो फोड ज्या विषाणूने येतो, तो नवजात बाळाच्या जिवावर उठू शकतो. आलेल्याने बाळ मागण्याऐवजी भांडी घासली किंवा धुणं वाळत घातलं तर ती खरी मदत.

सहा ते आठ आठवड्यांच्या तपासणीला वही घेऊन जायची. वजन, डोक्याचा घेर, खुब्याचे सांधे बघून घ्यायचे आणि आईची तपासणीही त्याच फेरीत उरकायची. याच सुमारास वीस-तीस सेंटिमीटरवरून तोंडाकडे बघत बाळ पहिल्यांदा समजून हसतं. वजनाची रेघ नीट चढत असेल तर लंगोट मोजणं थांबवायचं. वहीत फक्त थेंबांची आणि औषधांची नोंद चालू ठेवायची.